‘एक नंबर’ याच्या पुढे काय? : वन्यजीव छायाचित्रणासंबंधी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही बेळगाव, खानापूर, गोकाक, चिकोडी आणि निपाणी या भागांतील वाचकांकडून निसर्ग व वन्यजीव छायाचित्रणाविषयी प्रश्न मागवले होते. कोणता कॅमेरा घ्यावा, कोणती लेन्स परवडेल, असे प्रश्न अधिक येतील अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे एकाच अडचणीविषयी आली. काढलेला फोटो कोणाला दाखवावा, आणि दुसऱ्याने त्याचा फोटो दाखवला तर त्यावर काय बोलावे, ही ती अडचण. म्हणून या वेळचे सदर तिलाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : धुपदाळच्या बंधाऱ्याच्या परिसरात हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात. त्यांचे फोटो मी काही हंगामांपासून काढत आहे. मित्रांना दाखवले की ‘भारी’, ‘एक नंबर’ एवढेच ऐकायला मिळते. कौतुक गोड वाटते, पण माझे फोटो होते तिथेच आहेत. सोबत एक फोटो जोडला आहे. खरे मत कसे मिळवावे?
– एक वाचक, गोकाक

उत्तर : तुमच्या मित्रांना फार दोष देता येणार नाही. तुम्ही त्यांच्यासमोर फोटो ठेवलात, प्रश्न ठेवला नाहीत. लग्नघरी ‘जेवण कसे झाले?’ असे विचारणाऱ्या यजमानाला आमटीत मीठ कमी होते असे कोणी सांगत नाही, तसेच हे आहे. मत हवे असेल तर ते कशाबद्दल हवे हे आधी तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

तुमच्याच फोटोवरून सांगतो. कापणी झालेल्या शेतात करकोचांचा कळप दाणे टिपतो आहे. बहुतेकांच्या माना खाली आहेत. डाव्या बाजूच्या एका पक्ष्याने मात्र मान उंच केली असून तिरप्या उन्हात त्याच्या डोळ्यामागचा पांढरा पिसांचा झुपका स्वच्छ उजळला आहे. पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते, आणि तीच या चित्राची खरी जागा आहे, कारण कळप चरत असताना एखाददुसरा पक्षी असा मान वर करून कानोसा घेत असतो, ते करकोचांचे वागणे तुम्ही टिपले आहे. अडचण अशी की या पक्ष्याची मान काळी आहे आणि तिच्या मागे उभ्या उसाची गर्द पट्टी आली आहे. त्यामुळे मान पार्श्वभूमीत विरून जाते आणि झुपका अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. तुमच्या चित्रात डावीकडे ऊस संपून वाळलेल्या गवताचा पिवळा बांध सुरू होतो. कळप न बिचकता तुम्हाला चार पावले उजवीकडे सरकता आले असते, तर तोच बांध त्या मानेच्या मागे आला असता. उजव्या कडेला अर्धा कापला गेलेला पक्षी मला खटकतो. पण हे माझे मत झाले, दुसऱ्या कोणाला त्यातूनच कळप पुढे पसरला आहे असे वाटू शकेल.

आता हाच फोटो मित्राला दाखवताना ‘मान वर केलेला पक्षी तुला आधी दिसतो का? मागचा ऊस नडतो का?’ असे विचारून पाहा. उत्तर एका शब्दात येणार नाही. दाखवण्यासाठी माणसे निवडतानाही विचार करावा. एक छायाचित्रण जाणणारा, एक पक्षी ओळखणारा आणि एक या दोन्हींशी संबंध नसलेला, अशी तीन माणसे पुरतात. पहिला प्रकाश आणि फोकस पाहील, दुसरा पक्षी काय करतो आहे ते पाहील, आणि तिसरा तुम्हाला हे सांगेल की त्याला काही कळले की नाही, जे पहिल्या दोघांकडून कधीच समजत नाही. फोटो पाठवायचा असल्यास तो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नये, तिथे तो आकसतो आणि पिसांतला तपशील पुसट होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. शिवाय क्रॉप केलेल्या फोटोबरोबर मूळ पूर्ण फ्रेमही द्यावी. अनेकदा चांगले चित्र त्या कापून टाकलेल्या भागात असते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटात मलबारी उडत्या बेडकाचा फोटो मिळाला. नाकपुड्या अगदी स्पष्ट आल्या आहेत, डोळा थोडा धूसर आहे. एका कार्यक्रमात तो दाखवला तेव्हा एका ज्येष्ठांनी सर्वांसमोर ‘याला फोटो म्हणत नाहीत, आधी चांगली मॅक्रो लेन्स (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) घ्या’ असे सुनावले. तेव्हापासून मी कोणालाच काही दाखवलेले नाही. टीका कशी घ्यावी?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : त्या ज्येष्ठांच्या बोलण्यात घेण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे ते न घेतल्याने तुमचे नुकसान नाही. ‘लेन्स बदला’ हा सल्ला बहुधा तेव्हाच दिला जातो, जेव्हा फोटो नीट पाहण्याचे कष्ट घेतलेले नसतात. दोष काय आहे हे तर तुम्ही स्वतःच पत्रात लिहिले आहे: नाकपुड्या स्पष्ट, डोळा धूसर. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसमध्ये येणारी जाडी फार थोडी असते, आणि लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ २.८ वर उघडे ठेवले तर (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ती मिलिमीटरभरही उरत नाही. बेडकाचे नाक डोळ्याच्या किंचित पुढे असते, एवढ्या फरकातही फोकस हुकतो. छिद्र एफ ८ ते एफ ११ पर्यंत लहान करणे, फोकसचा बिंदू आपल्या हाताने डोळ्यावर ठेवणे, आणि त्यामुळे कमी झालेला प्रकाश भरून काढायला पातळ पांढऱ्या कापडातून गाळलेला मंद फ्लॅश थोडाच वेळ वापरणे, हे तुमच्या आहे त्याच लेन्सवर करता येईल. त्या गृहस्थांनी एवढे सांगितले असते तर दोन वाक्यांत काम झाले असते.

टीका ऐकताना एक पथ्य पाळावे: लगेच खुलासा देऊ नये. जळवा लागल्या होत्या, धुके होते, पाते वाऱ्याने हलत होते, हे सर्व खरे असते. पण पाहणाऱ्यासमोर फक्त चौकट आहे, तिच्या बाहेरची मेहनत तिच्यात उतरत नाही. उलट प्रश्न जरूर करावा. ‘चांगला नाही’ म्हणणाऱ्याला ‘नजर नेमकी कुठे अडखळते?’ असे नम्रपणे विचारावे. ज्याच्याकडे उत्तर आहे तो बोट ठेवून दाखवतो. ज्याच्याकडे नाही तो विषय बदलतो. मिळालेल्या मतांपैकी ज्या गोष्टी एकमेकांशी न बोललेली दोन माणसे सांगतात, त्या बहुधा खऱ्या असतात. राहिलेल्या मतांत आवडीनिवडीचा भाग मोठा असतो. कोणाला हिरव्या पार्श्वभूमीवर हिरवा बेडूक नको असतो, कोणाला त्यातच गंमत वाटते. तिथे ऐकून घेऊन आपल्याला हवे तेच करण्याचा अधिकार तुमचा आहे.

दुसऱ्याची वाट न पाहता स्वतःचा फोटो स्वतः तपासण्याचा एक मार्ग आहे. तो कृष्णधवल करून पाहावा. तुमच्या बेडकाच्या बोटांमधली तांबडी पडदी काढून घेतल्यावर चित्र उभे राहते का, की सगळा भार त्या तांबड्यावरच होता, हे तेवढ्याने कळते. आपल्याच कर्नाटक राज्यात संडूरचे एम. वाय. घोरपडे यांनी मंत्रिपदाचा व्याप सांभाळून अरण्यातील प्राण्यांची उत्तम कृष्णधवल छायाचित्रे काढली. हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्या आणि झाडांतून गळणारे ऊन यांवर चित्र कसे तोलले जाते ते त्यांत पाहता येते.

आणि हो, फोटो दाखवणे बंद करू नका.

प्रश्न : भीमगड परिसरात आमच्यासोबत येणारे वॉचर कन्नड बोलणारे आहेत. माझा गव्याचा फोटो पाहून ते म्हणाले की हा गवा तुमच्यावर चिडलेला आहे. ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरलेला नाही, त्यांचे मत फोटोच्या बाबतीत धरावे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी त्यांचेच धरावे. गव्याचा नर समोरच्याला आपला आकार दाखवायला शरीर आडवे करून उभा राहतो. छायाचित्रकाराला तो ‘छान पोझ देतो आहे’ असे वाटते. वॉचरला तो काय सांगतो आहे ते कळते. त्यांच्या बोलण्यातून दोन गोष्टी हाती लागल्या: फोटोखाली ‘शांत उभा गवा’ असे लिहिणे चूक ठरेल, आणि तुम्ही हवे त्यापेक्षा जवळ गेला होता. भाषेची अडचण असेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून कान, शेपटी, मान अशी एकेक जागा दाखवत विचारावे.

प्रश्न : आमच्या छायाचित्रकारांच्या मंडळात एका सदस्याने लोंढ्याच्या बाजूला धनेशाच्या ढोलीचा फोटो दाखवला. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. नर चोचीत फळ धरून बाजूच्या फांदीवर बसला आहे आणि ढोलीसमोरचा भाग एकदम मोकळा दिसतो. मला शंका आली, पण सगळे वाहवा करत असताना मी गप्प राहिले. फोटोवर मत देताना तो कसा काढला याची चौकशी करणे योग्य आहे का? की मत फक्त चित्रापुरते ठेवावे?
– एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : चौकशी योग्यच आहे, आणि तुमच्या पत्रातच तिचे कारण आलेले आहे. तुम्हाला शंका आली ती कुठल्या ऐकीव माहितीवरून आली नाही, चित्रावरून आली. वन्यजीवांच्या फोटोत छायाचित्रकाराचे वागणेही उमटलेले असते; पाहणाऱ्याला ते वाचता यायला हवे.

धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. तिथून पुढे कित्येक आठवडे तिचे आणि पिलांचे अन्न नराने आणून दिलेल्या फळांवर अवलंबून असते. वड-उंबराची फळे तो घशात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवतो. माणूस खाली उभा असेल तर नर बाजूच्या झाडावर बसून राहतो, ढोलीकडे जात नाही. म्हणजे ज्या दृश्याला मंडळात ‘काय सुंदर क्षण पकडला’ म्हटले गेले, तो भरवण्याचा खोळंबलेला घास असण्याची दाट शक्यता आहे. नराची नजर कुठे आहे ते पाहा. ढोलीकडे असेल तर गोष्ट वेगळी. कॅमेऱ्याकडे असेल तर त्याला तुमच्या सदस्याची काळजी पडली आहे. ढोलीसमोरचा मोकळा भागही पाहा. तिथे डहाळ्यांची ताजी, पांढरट तोंडे दिसत असतील तर पाने वाऱ्याने गेलेली नाहीत, कोणीतरी छाटली आहेत. पाने हटली की ढोली जशी कॅमेऱ्याला दिसते तशी इतर शिकाऱ्यांनाही दिसते.

ही केवळ सद्भावनेची बाब नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी शिरायचे तर त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाखाली वनखात्याची परवानगी लागते. हे मंडळातील किती जणांना माहीत आहे, अशी शंका अशा सभांना बसल्यावर येते. शटरस्पीडची चर्चा मात्र तास तास चालते.

विचारायचे कसे, हा खरा प्रश्न. सर्वांसमोर आरोप करू नये. घाईने ठरवलेला दोषी निर्दोष निघाला तर पुढे कोणी तुमचे ऐकणार नाही. फोटो काढणाऱ्याला बाजूला घेऊन साधे प्रश्न करावेत. किती अंतरावरून काढला? तिथे किती वेळ थांबला होता? त्या वेळात नर ढोलीवर किती वेळा आला? जो सांभाळून वागला असेल तो ही उत्तरे उत्साहाने देतो, कारण लांबून, आडोशाला बसून, घरट्यावर पाखराची ये-जा न थांबवता फोटो मिळवणे हाच त्याचा अभिमान असतो. जो टाळाटाळ करील त्याला चार शब्द स्पष्ट सांगावेत आणि तो फोटो मंडळाच्या प्रदर्शनातून, दिनदर्शिकेतून आणि बक्षिसांतून दूर ठेवण्याचा आग्रह अध्यक्षांकडे धरावा. उत्तर मिळेपर्यंत वाहवा थांबवणे एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे. घरट्याच्या फोटोंना टाळ्या मिळतात हे दिसले की पुढच्या हंगामात त्याच झाडाखाली आणखी पाच तिपाया लागतात, आणि मग एकेकट्याने पाळलेल्या अंतराला काही अर्थ उरत नाही.

इतर प्रकारांतही अशाच खुणा असतात. चापडा सापाचा फोटो फुलांनी लगडलेल्या मोकळ्या फांदीवर, तोंड पूर्ण वासलेले, असा असेल तर विचारावे. मलबारी चापडा भक्ष्याची वाट पाहत तासन् तास एका जागी निश्चल बसणारा साप आहे, आपण होऊन तो सहसा तोंड वासून दाखवत नाही. पक्षी मोकळ्या जागेत येऊन पिसे फुलवून ओरडताना दिसत असेल तर मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवला होता का, हे विचारावे. बारापेडे गुहेतली रॉटनची वटवाघळे जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात. त्यांच्या दाटीवर आतून मारलेल्या फ्लॅशचा फोटो कितीही स्पष्ट असो, त्याच्या प्रकाशयोजनेवर चर्चा करण्याची मला तरी इच्छा होत नाही.

प्रश्न : हिडकलच्या रस्त्याला तारेवर बसलेल्या नीलपंखाचा फोटो मिळाला. तार संगणकावर पुसून, पक्ष्याखाली फांदी जोडून स्पर्धेला पाठवला. तो ‘निसर्ग’ विभागातून बाद झाला. परीक्षकांनी कारणही कळवले नाही. पक्षी तर खरा होता. मग हरकत काय?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : परीक्षकांनी कारण कळवायला हवे होते, याबद्दल दुमत नाही. कारणाशिवाय दिलेला नकार स्पर्धकाला काहीच शिकवत नाही. नकार मात्र नियमाला धरूनच होता. फियाप (छायाचित्रणकलेची आंतरराष्ट्रीय संघटना), फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून निसर्ग छायाचित्रणाची जी व्याख्या केली, ती २०१५ पासून लागू आहे आणि आपल्याकडील अनेक स्पर्धा तीच वापरतात. तिच्यानुसार कडेने क्रॉप करता येते, पण चित्रातली वस्तू पुसता, हलवता किंवा जोडता येत नाही. तुम्ही तार पुसलीत आणि फांदी जोडलीत, म्हणजे दोन्ही केले. त्याच व्याख्येत असेही म्हटले आहे की तांत्रिक दर्जा राखूनच, पण चित्राच्या सौंदर्यापेक्षा त्यातून सांगितल्या जाणाऱ्या निसर्गकथेला अधिक वजन द्यावे.

तारेचे काय? मानवी वस्तू कथेचा अविभाज्य भाग असतील तर व्याख्येला चालतात. माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेली गव्हाणी घुबडे किंवा बलाक पक्षी हे तिथे दिलेले उदाहरण आहे. नीलपंख हा कर्नाटकाचा राज्यपक्षी, आणि आपल्याकडे तो अधिक करून दिसतो तो तारांवर आणि खांबांवरच, खालच्या शेतातले किडे टिपण्यासाठी बसलेला. तार ठेवून, खाली थोडे शेत येऊ देऊन काढलेला फोटो एखाद्या परीक्षकाने स्वीकारला असता, एखाद्याने नाकारला असता. परीक्षकांत मतभेद असतातच. फांदी जोडलेल्या फोटोत मतभेदाला जागा नाही.

फोटो पाठवण्यापूर्वी तुम्ही तो ज्यांना दाखवला त्यांच्यापैकी एकाने जरी ‘ही फांदी कोणत्या झाडाची?’ असे विचारले असते, तरी पुढचे टळले असते. मोठ्या स्पर्धांतही हेच घडते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वार्षिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली एका गटात पहिला आलेला, रात्री वारुळाजवळ आलेल्या मुंगीखाऊचा फोटो २०१८ मध्ये बाद करण्यात आला. तज्ज्ञांनी त्याची एका पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तुलना केली तेव्हा अंगावरच्या खुणा आणि ठेवण जुळत होती. त्याआधी २००९ चा मुख्य विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, पाळीव असावा या निष्कर्षावरून बाद झाला होता. दोन्ही चित्रे दिसायला उत्कृष्ट होती. संगणकाने नवीन पिसे ‘तयार’ करून देण्याच्या आजच्या काळात तर परीक्षकांनी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, बदल न केलेली नोंद) मागितली की राग धरू नये.

प्रश्न : आमच्या शाळेतील आठवी-नववीची मुले पालकांच्या मोबाइलवर मुंग्या, कोळी, फुलपाखरे यांचे फोटो काढून आणतात. त्यांना काय सांगावे? मला स्वतःला छायाचित्रण येत नाही.
– एक शिक्षिका, जांबोटी

उत्तर : बाई, छायाचित्रण येत नाही हे या कामी फारसे आड येणार नाही. मुलाला आधी विचारा की हा प्राणी काय करत होता. त्याने सांगितलेली गोष्ट फोटोत दिसते का, हे दोघांनी मिळून शोधा. मुंगळा आपल्याहून मोठा किडा ओढत होता असे तो म्हणाला आणि फोटोत नुसता मुंगळा असेल, तर पुढच्या वेळी किडाही चौकटीत यायला हवा हे मुलाला आपोआप समजते. वरून उभ्याने काढलेला आणि जमिनीवर कोपरे टेकून काढलेला, असे एकाच कोळ्याचे दोन फोटो शेजारी ठेवले तर कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल काही बोलावेच लागत नाही. इंटरनेटवरच्या फोटोंशी तुलना करू नका, आणि वर्गात क्रमांकही लावू नका. फुलपाखरू फ्रीजमध्ये ठेवून सुस्त केले की चांगले निघते, अशी युक्ती एखादे मूल कुठूनतरी ऐकून येईल. तेवढे मात्र ठामपणे थांबवा.

फोटो वर्गात लावताना खाली मुलाच्या अक्षरात दोन ओळी असू द्या: काय दिसले आणि ते काय करत होते. जागा लिहायची तर ‘शाळेमागचा ओढा’ एवढे पुरे. घरट्याचा फोटो कोणी आणलाच तर जागा लिहू नका, आणि फोटो पुढे पाठवण्यापूर्वी मोबाइलमधील लोकेशनची नोंद बंद आहे ना, ते पालकांना पाहायला सांगा.